वाचक विचारतात: तलावाच्या वरच्या अंगाला इमारती उठतायत, आम्ही काय करायचं?

पावसाळा तोंडावर आला की या सदरात पाण्याचे प्रश्न येतातच, पण यंदा बरीचशी पत्रं एकाच दुखण्याची आहेत, तलाव आणि त्याच्या डोक्यावर वाढत चाललेली वस्ती. सगळ्यात जास्त पत्रं पुण्याच्या दक्षिणेकडून, कात्रज, आंबेगाव, धनकवडी या भागातून आलीत, शिवाय कोल्हापूर आणि नागपूरहूनही आलीत. सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं कुणाचीच छापत नाही, कारण दोघातिघांनी भीती वाटते असं स्पष्टच लिहिलंय.

प्रश्न: आम्ही काही बायका मिळून कात्रज तलावाच्या काठाचा कचरा उचलतो. जलपर्णी दरवर्षी काढतात, दरवर्षी परत येते. वासाचं तर विचारूच नका. डोंगराच्या बाजूला नवीन बिल्डिंगा वाढतच चालल्यात. आमच्या या कामाचा खरंच काही उपयोग होतोय का?
(एक वाचक, कात्रज)

ताई, होतोय, आणि ते काम सोडू नका. पण पुढच्या वेळी कचरा उचलून झाला की तलावात येणारा ओढा धरा आणि पाण्याच्या उलट दिशेनं वर चालत जा, तीन-चार जणी मिळून जा, मोबाईलवर फोटो काढत जा. कुठं पाइप ओढ्यात सोडलाय, कुठं राडारोडा टाकून ओढा अरुंद केलाय, कुठं डोंगर कापून मुरूम उघडा पडलाय, हे सगळं तुम्हाला त्या एका चालण्यात दिसेल आणि जलपर्णी परत का येते याचं उत्तर तिथंच मिळेल. जलपर्णीला लागतं खत, म्हणजे नत्र आणि फॉस्फरस, आणि ते येतं आपल्या संडास-बाथरूम-स्वयंपाकघराच्या पाण्यातून. ते पाणी येत राहिलं तर वरवरची जलपर्णी कितीही वेळा काढा, ती फुटणारच.

तलाव म्हणजे परातीचा तळ. कडेला जे पडेल ते घरंगळत तिथंच येणार. कात्रजच्या तलावाची कड म्हणजे गुजर-निंबाळकरवाडी, मांगडेवाडी, भिलारेवाडी आणि त्यामागचे घाटाचे डोंगर. ही गावं महापालिकेत आली २०२१ च्या जूनअखेर, २३ गावं एकदम घेतली तेव्हा. पण वस्ती काही पालिकेची वाट बघत थांबली नव्हती, ती आधीच आली, गुंठ्या-गुंठ्याचं प्लॉटिंग, त्यावर चार-पाच मजली बिल्डिंगा, आणि ड्रेनेज लाइन मात्र सगळ्यात शेवटी. लाइन नसेल तर मैलापाणी जातं कुठं, तर जवळच्या ओढ्यात, आणि ओढा जातो तलावात. ज्या तलावातून पेशव्यांच्या काळात दगडी नळ बांधून शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांमधल्या हौदांपर्यंत पिण्याचं पाणी नेलं होतं, त्याच तलावाच्या काठी आज नाकाला रुमाल लावावा लागतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

घाणीइतकीच दुसरी गोष्ट आहे पाण्याचा वेग, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. साधा हिशोब करा. एक हेक्टर जमिनीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी होतं १० लाख लिटर, म्हणजे १० हजार लिटरचे १०० टँकर. गवताळ, झाडीच्या डोंगरावर यातलं बरंचसं मुरतं, उरलेलं अडखळत अडखळत दोन-चार तासांनी खाली येतं. तिथं स्लॅब, पार्किंग, पेव्हर ब्लॉक आणि सिमेंटचा रस्ता आला की जवळजवळ सगळेच्या सगळे टँकर एकदम खाली सुटतात. वर कापलेल्या डोंगराची माती घेऊन सुटतात, ती माती तलावात बसते, तलाव उथळ होतो, मग पुढच्या पावसाचं पाणी धरायला त्याच्यात जागाच उरत नाही. आणि उन्हाळ्यात उलटं, मुरलेलंच काही नसतं म्हणून बोअर कोरडे आणि त्याच सोसायट्यांना टँकर.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आठवत असेल तुम्हाला. कात्रजहून निघून पद्मावती, अरण्येश्वर, दांडेकर पूल असा मुठेला जाणारा आंबिल ओढा त्या रात्री घराघरात शिरला, शहरात आणि आसपास मिळून २० हून जास्त माणसं गेली. वर डोंगर उघडे, मध्ये ओढ्याचं पात्र आवळलेलं, आणि सगळ्यात जास्त मार कुणाला बसला तर खाली काठावर राहणाऱ्या कष्टकरी लोकांना. पुढं २०२१ च्या जूनमध्ये ओढ्याच्या कामासाठी म्हणून दांडेकर पुलाजवळची घरं पाडायला सुरुवात झाली, लोक रस्त्यावर उतरले, मग कोर्टाची स्थगिती आली. माझं म्हणणं एवढंच आहे की पुराचं पाणी जिथं तयार होतं त्या वरच्या अंगाला जेसीबी आधी थांबायला पाहिजे, खालच्या माणसाच्या दारात तो आधी येतो हा अन्याय आहे. म्हणून म्हणते ताई, तुमच्या ग्रुपचं अर्धं बळ काठावर ठेवा आणि अर्धं वर ओढ्यात.

प्रश्न: आमच्या मागच्या उतारावर रात्री पोकलेन चालतो. पालिकेत गेलो तर म्हणाले आमच्याकडे नाही, पीएमआरडीएत (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात) जा. तिकडून सांगितलं कलेक्टर ऑफिस. हे कायदेशीर आहे की नाही हे आम्हाला कसं कळणार?
(एक वाचक, आंबेगाव)

दादा, तुम्हाला फिरवलं जातंय कारण यात खरंच दोन वेगळी खाती आहेत, तर तक्रारपण दोन वेगळ्या करा. डोंगर खोदून मुरूम काढणं हा महसूल खात्याचा विषय, गौण खनिजाची परवानगी आणि रॉयल्टी लागते, म्हणून तो अर्ज तहसीलदाराला. बांधकामाची परवानगी हा पालिकेचा, आणि पालिकेच्या हद्दीबाहेर असेल तर पीएमआरडीएचा विषय. एकाच कागदात दोन्ही लिहिलं की दोघंही दुसऱ्याकडे बोट दाखवतात.

उताराचा नियम लक्षात ठेवा, १:५ किंवा त्याहून जास्त चढ असेल, म्हणजे पाच मीटर पुढं गेल्यावर एक मीटर किंवा त्याहून जास्त वर चढत असाल, तर तिथं बांधकामाला बंदी आहे. पोकलेन आधी चालवण्यामागं कारण हेच, डोंगर सपाट करून टाकला की मग चढ मोजायला उरतच नाही. म्हणून जुना पुरावा धरून ठेवा. गूगल अर्थमध्ये जुन्या वर्षांची सॅटेलाइट चित्रं बघता येतात, त्यात ती जागा आधी कशी होती ते दिसतं, स्क्रीनशॉट तारखेसकट काढून ठेवा. गाव नकाशा भूमी अभिलेख खात्याकडे मिळतो, त्यावर ओढे दाखवलेले असतात, आज जागेवर ओढा बुजवलेला असला तरी नकाशावरचा ओढा बुजत नाही.

मग महारेराच्या वेबसाइटवर प्रोजेक्टचं नाव टाकून बघा, मंजूर लेआउट आणि बांधकाम सुरू करायचा दाखला तिथं अपलोड केलेला असतो. प्रोजेक्ट तिथं नसेल आणि फ्लॅटची जाहिरात मात्र चालू असेल, तर तीच एक वेगळी तक्रार होते. बांधकाम क्षेत्र २० हजार चौरस मीटर किंवा जास्त असेल तर पर्यावरण मंजुरी लागते आणि त्याचे कागद केंद्राच्या परिवेश पोर्टलवर असतात. आता एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते आणि मला ती फार खटकते, कारखान्याला किंवा खाणीला जशी जनसुनावणी असते तशी गृहप्रकल्पांना नसते, २००६ च्या अधिसूचनेनंच त्यांना त्यातून सूट दिलीय. म्हणजे तुमच्या ओढ्यावर हजार फ्लॅट येणार असतील तरी तुम्हाला कुणी विचारायला येणार नाही. पण मंजुरीच्या अटी छापील असतात आणि त्या पाळल्याचा अहवाल बिल्डरला दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो, तो मागा. अटीत "नैसर्गिक ओढ्याला धक्का लावू नये" असं लिहिलेलं असेल आणि तुमच्याकडे बुजवलेल्या ओढ्याचा फोटो असेल तर तुमची बाजू भक्कम झाली.

माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, ३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे. आपल्या राज्यात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा असावा लागतो, तेव्हा राग कितीही आला तरी अर्जात तो लिहू नका. "सर्व्हे नंबर अमुक, मंजूर नकाशाची आणि उताराच्या सर्व्हेची प्रत द्यावी" बास.

हे सगळं कशासाठी करायचं, तर २०१३ च्या जूनमध्ये कात्रज घाटाच्या पलीकडे शिंदेवाडीजवळ काय झालं ते आठवा. डोंगर फोडून पाण्याची वाट बदलली होती, पहिल्याच जोराच्या पावसात लोंढा हायवेवर आला आणि एक आई आणि तिची लहान मुलगी वाहून गेल्या. त्यानंतर चौकशा झाल्या, कारवाया झाल्या, सगळं त्यानंतर झालं.

प्रश्न: मी स्वतः तलावाच्या वरच्या बाजूच्या नव्या टॉवरमध्ये राहते. कर्ज काढून घेतलेला फ्लॅट आहे. आता आमच्यासारख्यांनी "अजून बांधकाम नको" म्हणणं बरोबर दिसतं का? लोक म्हणतात तुम्ही आलात तेव्हा चाललं.
(एक वाचक, पुणे)

बोला, जरूर बोला. घर घेणं हा गुन्हा नाही आणि शहराला घरं लागणारच आहेत. पण सुरुवात आपल्या गेटच्या आतून करा म्हणजे बाहेर बोलताना आवाजात जोर येतो.

पहिलं म्हणजे सोसायटीचा मैलापाणी शुद्धीकरण प्रकल्प, ज्याला सगळे एसटीपी म्हणतात, तो खरंच चालू आहे का ते बघा. नुसतं मशीन असून होत नाही, बऱ्याच ठिकाणी वीजबिल वाचवायला तो रात्री बंद ठेवतात आणि पाणी तसंच सोडून देतात. ऑपरेटरची रोजची वही मागा, विजेचा वेगळा मीटर असेल तर रीडिंग बघा, शुद्ध केलेलं पाणी फ्लशला आणि बागेला जातंय का ते बघा, आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याची लॅबमध्ये तपासणी करून घ्या. दोनशे फ्लॅटच्या सोसायटीला हा खर्च जड नाही हो. तुमचा एक एसटीपी नीट चालला तर तलावात रोजचं काही हजार लिटर घाण पाणी जायचं थांबेल.

दुसरं, पावसाचं पाणी मुरवायचे खड्डे बहुतेक सोसायट्यांत कागदावर असतात आणि जागेवर ते गाळानं भरलेले असतात. मे महिन्यात साफ करून घ्या. पेव्हर ब्लॉकखाली सिमेंट ओतू देऊ नका. मंजूर नकाशात जी मोकळी जागा दाखवलीय ती मोकळीच राहिली पाहिजे, तिथं क्लब हाऊस वाढवायचा प्रस्ताव मीटिंगमध्ये आला तर हात वर करून विरोध नोंदवा, मिनिट्समध्ये लिहून घ्या. आणि पलीकडच्या जुन्या गावठाणातल्या लोकांशी ओळख करून घ्या, ओढा पूर्वी कुठून वाहायचा हे त्यांनाच माहीत असतं. टॉवरवाले एका बाजूला आणि गाववाले दुसऱ्या बाजूला, असं झालं की डोंगर फोडणाऱ्याचं फावतं.

प्रश्न: तुम्ही सगळे शहरातले लोक. आमची वडिलोपार्जित जमीन डोंगरउतारावर आहे, त्यावर हिरवा पट्टा पडला. शेजारच्याची जमीन करोडोला गेली. आम्ही तुमच्या तलावासाठी आयुष्यभर गरीब राहायचं का?
(एक शेतकरी वाचक, हवेली तालुका)

दादा, तुमचा प्रश्न खरा आहे आणि तो वाचून दोन दिवस काही लिहावंसं वाटलं नाही. तलाव सगळ्यांचा, पूर अडला तर फायदा सगळ्यांचा, आणि किंमत मात्र एका सातबाऱ्यानं द्यायची, हे न्यायाला धरून नाही. १९९७ मध्ये पालिकेत आलेल्या गावांतल्या टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचं आरक्षण पडलं, सुमारे ९७८ हेक्टर, आणि २०१५ मध्ये सरकारनं तिथं बांधकामाला बंदी घालून भरपाई ठेवली ८ टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क. ८ टक्क्यांत कोण खुशीनं जमीन देईल? टेकडी वाचवायची भाषा करणाऱ्या आम्ही लोकांनी जेवढ्या जोरानं बांधकामबंदी मागितली तेवढ्याच जोरानं तुमचा पुरेसा मोबदलाही मागायला पाहिजे, माझं हे ठाम मत आहे, आणि ते काही टेकडीप्रेमींना आवडणार नाही.

पण एक बाजू तुम्हीही बघा. गुंठा-गुंठा विकून जे पैसे येतात ते एकदाच येतात, आणि बरेचदा मोठा वाटा मधल्या एजंटाकडे जातो. ज्यांनी तो गुंठा घेतला त्यांच्या घराला परवानगी नाही, ड्रेनेज नाही, पाणी नाही, उद्या नोटीस आली तर तेही रडणार. आणि डोंगर उतरून पाणी पहिल्यांदा जातं ते तुमच्याच खालच्या वावरात, तुमच्याच विहिरीत. तुमचं गाव अजून पालिकेत गेलं नसेल तर ग्रामसभा तुमच्या हातात आहे, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, त्यात ओढे आणि पाझर तलाव गावाच्या नकाशावर नोंदवून घेण्याचा ठराव करा, आणि त्याच ठरावात मोबदल्याची मागणी लिहा. दोन्ही एकत्र मागितलं तर शहरातले आम्ही लोक तुमच्या शेजारी उभे राहायला हवेत. नाही राहिलो तर परत पत्र लिहा, नाव घालून छापू, तुमची हरकत नसेल तर.

प्रश्न: आमच्याकडे कळंबा, रंकाळा या तलावांच्या सुशोभीकरणावर खर्च होतो, वॉकिंग ट्रॅक, लायटिंग. हे चांगलंच आहे ना?
(एक वाचक, कोल्हापूर)

चालायला जागा मिळते हे चांगलं, पण त्यानं पाणी सुधारत नाही. रंकाळ्याचं खरं दुखणं त्यात मिसळणारे नाले, आणि कळंब्याचं खरं भांडवल कात्यायनीच्या डोंगराकडून येणारे ओढे. त्या ओढ्यांवर प्लॉटिंग झालं की कळंबा भरायचा कसा? बजेट बघताना एवढंच विचारा की यातला किती पैसा नाले अडवायला आणि किती लाइटच्या खांबांना.

आणि काठावरचं प्रत्येक काम कायद्यात बसतंच असं नाही. मुंबईत पवई तलावाच्या काठानं पालिकेनं सायकल ट्रॅक बांधायला घेतला होता, आयआयटीतल्या विद्यार्थ्यांनी आणि एका पर्यावरण संस्थेनं हायकोर्टात आव्हान दिलं, आणि मे २०२२ मध्ये कोर्टानं ते काम बेकायदा ठरवून भराव काढायला सांगितलं. हे मुद्दाम सांगते कारण २०१७ च्या पाणथळ नियमांतून पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी माणसानं बांधलेले तलाव वगळलेत, आणि आपल्याकडचे बहुतेक तलाव बांधलेलेच. अधिकारी तेच कारण पुढं करतात. पवईचाही तलाव इंग्रजांनी पाणीपुरवठ्यासाठी बांधलेलाच होता, तेव्हा पहिल्याच उत्तरावर गप्प बसू नका.

प्रश्न: नागपुरात अंबाझरी तलावाच्या पुरात आमच्या घरात पाणी होतं. कोर्टात जाणं सामान्य माणसाला जमतं का? आणि आराखड्यावर हरकती घेऊन काही होतं का, का सगळं ठरलेलंच असतं?
(एक वाचक, नागपूर)

जमतं, आणि तुमच्याच शहरानं ते दाखवलंय. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे चार तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्या बुडाल्या. त्यानंतर ज्यांची घरं बुडाली त्याच रहिवाशांनी हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका केली, सांडव्यासमोरच्या बांधकामापासून तलावाच्या भिंतीच्या सुरक्षेपर्यंत सगळ्यावर सरकारी खात्यांना शपथपत्रं द्यायला लागली.

राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे, अर्जाची फी साधारण हजार रुपये, वकील न लावता स्वतःही बाजू मांडता येते. मात्र दोन गोष्टी सांभाळा. वाद सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं, म्हणजे "बघू, पुढच्या पावसाळ्यानंतर" असं केलं की दार बंद झालं. आणि नगररचना कायदा लवादाच्या यादीत नाही, तेव्हा नुसतं "मंजुरी चुकीची" म्हणून चालत नाही, पाण्याचं प्रदूषण, पर्यावरण मंजुरीचा भंग अशा अंगानं मांडणी करावी लागते.

पण कोर्टाच्या कितीतरी आधीची जागा म्हणजे आराखडा. शेतीचा झोन राहायचा झोन झाला की पुढं परवानग्या मिळतच जातात, तिथं अडवलं नाही तर नंतर एकेका इमारतीशी भांडत बसावं लागतं. प्रारूप आराखडा जाहीर झाला की १९६६ च्या नगररचना कायद्यानं हरकती-सूचनांसाठी ठराविक मुदत असते, आणि नोटीस येते पेपरात आतल्या पानावर बारीक अक्षरात. सोसायटीत, कट्ट्यावर एक-दोघांनी ती रोज बघायची जबाबदारीच घ्या. सगळं ठरलेलं असतं म्हणताय तर पीएमआरडीएचा प्रारूप आराखडा बघा, २०२१ च्या ऑगस्टमध्ये जाहीर झाला, ६० हजारांच्या वर हरकती आल्या, त्यावर कोर्टात याचिकाही झाल्या, आणि शेवटी मंजूर न होताच तो रद्द झाला.

हरकत लिहिताना सर्व्हे नंबर, नकाशाचा शीट नंबर, ओढ्याचा फोटो आणि "हा झोन बदलू नये" अशी एकच स्पष्ट मागणी ठेवा, पोच घ्या, आणि सुनावणीचं पत्र आलं की रजा टाकून जा, कारण गैरहजर राहिलेल्यांच्या हरकतीकडे कुणी नीट बघत नाही. एकाच मजकुराच्या शंभर झेरॉक्सपेक्षा वेगवेगळ्या घरांतून आलेल्या, आपापल्या पुराच्या खुणा दाखवणाऱ्या दहा हरकती जास्त वजनदार ठरतात. हरकतीच्या अर्जाचा नमुना बऱ्याच जणांनी मागितलाय, तो पुढच्या अंकात याच पानावर देते.